मर्सिडीज डब्ल्यू१२४ ऑटोमॅटिक गिअर फार लवकर वर टाकतेय, शिफ्ट पॉइंट कसे सेट करायचे?

नाशिककर:
नमस्कार मंडळी, माझ्याकडे १९९६ ची ई२२० आहे, पुण्यात असेंबल झालेली, चार गिअरची ऑटोमॅटिक. इंजिन झकास आहे पण गिअर फार लवकर वर जातात, ४० च्या आतच चौथा पडतो आणि मग गाडी कण्हत कण्हत ओढते, कसारा घाटात तर वैताग येतो. एक मेकॅनिक म्हणतो मॉड्युलेटर (गिअरबॉक्सवरचा, इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालणारा भाग) फिरवू, दुसरा म्हणतो आख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागेल. नक्की हात कुठे घालायचा?

पिंपरीचा_गॅरेजवाला:
दादा, गिअरबॉक्स अजिबात उतरवू नका. ह्या ७२२.४ गिअरबॉक्समध्ये शिफ्टिंगला कॉम्प्युटर नाही, सगळा तेलाच्या प्रेशरचा खेळ आहे. गव्हर्नर गाडीच्या स्पीडप्रमाणे प्रेशर देतो आणि थ्रॉटलच्या लिंकेजवरून जी बोडन केबल खाली जाते ती तुमचा पाय किती दाबलाय ते सांगते, दोघांच्या ओढाताणीत गिअर कधी पडायचा ते ठरतं. केबल वर्षानुवर्षं ढिली पडते, मग बॉक्सला वाटतं पाय हलका आहे आणि तो लवकर वर जातो. ॲक्सिलरेटर सोडलेला असताना केबलला झोल नको आणि ताणही नको, आधी एवढं बघा. मग ॲडजस्टर थोडासाच घट्ट करा, चक्कर मारून या, परत थोडा. घट्ट केला की शिफ्ट उशिरा होतात.

मॉड्युलेटरचं काम वेगळं, गिअर किती कडक पडायचा ते तो ठरवतो. झटका नको म्हणून लोक तो ढिला करून घेतात, चार दिवस गाडी लोण्यासारखी वाटते पण आत क्लच आणि बँड घसरून जळत असतात, हे कृपा करून करू नका.

जुनी_मर्क:
+१. पण केबलच्याही आधी गिअरबॉक्सचं तेल बघा. इंजिन चालू, लिव्हर पी (पार्क) मध्ये, तेल ८० डिग्रीपर्यंत तापलेलं, तरच लेव्हल खरी. थंड असताना कमी दिसते म्हणून लोक जास्त ओततात. आणि डिपस्टिक सुती फडक्याने पुसू नका, त्याचा धागा आत गेला तर व्हॉल्व्हमध्ये अडकतो.

नाशिककर:
धन्यवाद दोघांनाही! तेल बघितलं, लेव्हल बरोबर आहे. केबल मात्र बोटाने उचलली तर चांगलीच लोंबते. मॉड्युलेटरचा व्हॅक्यूम पाइप पण काढून बघू का?

पिंपरीचा_गॅरेजवाला:
हो, बघाच. पाइपात लालसर तेल दिसलं तर मॉड्युलेटरमधला डायफ्रॅम (पडदा) फाटलाय, तेल इंजिनात ओढलं जातं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. मग मॉड्युलेटर नवीनच टाका. कोरडा असला तर त्याला हात लावू नका, फक्त केबल.

डिझेलभक्त:
डिझेल १२४ वाल्यांनी एक लक्षात ठेवा, आपल्याकडे मॅनिफोल्डला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांना) व्हॅक्यूम नसतो, तो व्हॅक्यूम पंपावरून येतो आणि इंजेक्शन पंपावरच्या व्हॉल्व्हमधून मॉड्युलेटरला जातो. त्यामुळे एखादा रबरी जॉइंट चिरला तरी गिअर धाडधाड पडायला लागतात. आधी सगळे रबर बदला, स्वस्तातलं काम आहे.