आखाजीला 'कुंकू' दाखवायचाय, शांता आपटेंबद्दल सांगा

अमळनेरची_लेक

नमस्कार मंडळी, आमच्या गल्लीतल्या बायकांनी यंदा आखाजीला (म्हणजे अक्षय्य तृतीयेला) एक जुना मराठी सिनेमा लावायचं काढलंय. लेकी माहेरी आलेल्या असतात, दिवसभर झोके, गौराईची गाणी, आमरस-मांडे झाले की संध्याकाळी सगळ्या मोकळ्याच, म्हणून हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून बघू म्हटलं. मी 'कुंकू' सुचवला, प्रभात फिल्म कंपनीचा, १९३७ चा. तर दोघीतिघी म्हणे इतका जुना, काळा-पांढरा, पोरी लगेच मोबाईल काढतील. आमच्या सासूबाई मात्र एकदम खुश, म्हणे त्यातली नायिका शांता आपटे लई खमकी बाई होती, कंपनीच्या दारात उपोषणाला बसली होती. हे खरं आहे का? आणि कुंकूनंतर तिचं पुढे काय झालं? सिनेमाच्या आधी मला चार शब्द बोलायचेत, नुसती जन्म-मृत्यूची माहिती वाचून दाखवायची नाहीये.

रावेरकर

ताई, उपोषण शंभर टक्के खरं. १९३९ सालची गोष्ट, कंपनीशी कराराचा वाद झाला आणि ही बाई सरळ पुण्यात प्रभात स्टुडिओच्या फाटकाशी उपोषणाला बसली. त्याच वर्षी मार्चमध्ये गांधीजींनी राजकोटला उपोषण केलं होतं, म्हणजे उपोषण काय असतं ते घराघरात माहीत होतं, पण एका सिनेमातल्या नटीने ते आपल्या करारासाठी करावं हे लोकांना फार वेगळं वाटलं असणार. तेव्हा नट-नट्या कंपनीत महिन्याच्या पगारावर असायच्या, कोणत्या सिनेमात काम करायचं, किती दिवस बसून राहायचं, सगळं मालकांच्या हातात. आणि ही काही कोपऱ्यातली नटी नव्हती, प्रभातची सगळ्यात गाजलेली गायिका-नटी होती.

थोडं मागून सांगतो. जन्म १९१६ चा, सोलापूरकडचं दुधनी गाव. भालजी पेंढारकरांच्या 'श्यामसुंदर' (१९३२) मधून सिनेमात आली, तेव्हा जेमतेम सोळा वर्षांची. बोलपट सुरू होऊन वर्षच झालं होतं, 'आलम आरा' १९३१ चा आणि मराठीतला पहिला बोलपट 'अयोध्येचा राजा' १९३२ चा. त्यामुळे गाता येणाऱ्या पोरीला तेव्हा फार किंमत होती, कारण सुरुवातीला गाणं कॅमेऱ्यासमोर उभं राहून स्वतःच म्हणायचं, मागून दुसरीचा आवाज लावायची सोय नंतरची. मग प्रभातचा 'अमृतमंथन' (१९३४), त्यात नायकाच्या बहिणीचं काम, आणि तिथून नाव झालं. 'अमर ज्योती'त (१९३६) दुर्गा खोटे समोर होत्या तरी ही झाकली गेली नाही. 'गोपालकृष्ण'मध्ये (१९३८) राधा केली, त्यातला छोटा कृष्ण म्हणजे पुढचे पंडित राम मराठे. त्या काळच्या बाकी नट्या गाताना खांबासारख्या उभ्या राहायच्या हो, हिचे डोळे, मान, हात सगळं गाण्याबरोबर चालायचं. आज बघितलं तरी ती त्या काळातली वाटत नाही ती यामुळेच.

भुसावळ_जंक्शन

कुंकूबद्दल मी बोलतो कारण तो माझा जीव की प्राण. पोरी कंटाळतील ही भीती मनातून काढून टाका. गोष्ट बघा ना, आईबाप नसलेली नीरा, मामाने पैशासाठी फसवून म्हाताऱ्या विधुर वकिलाशी लग्न लावलेलं, आणि ती घरात येते, कामं करते, पण नवरा म्हणून त्याला जवळ येऊच देत नाही. रडत बसत नाही, विहीर जवळ करत नाही. सावत्र मुलगा वाईट नजरेने येतो तर छडीने फोडून काढते त्याला. १९३७ मध्ये हो! देवलांच्या 'शारदा' नाटकापासून म्हाताऱ्याशी लग्नाचा विषय मराठीत होताच, बालविवाह रोखणारा शारदा कायदाही १९२९ ला झाला होता, पण मुलगी स्वतः नाही म्हणते आणि शेवटपर्यंत नाहीच म्हणते हे पडद्यावर शांता आपटेने उभं केलं. केशवराव दात्यांनी काकासाहेब केलेत, तेही असे की त्या म्हाताऱ्याची कीव येते, नुसता राक्षस नाही दाखवला. सिनेमात ती एक इंग्रजी कविता पण गाते, लाँगफेलोची, ते ऐकून तर पोरी चकितच होतील.

आणि आपल्या भागाशी जोडायचं असेल तर हे सांगा की डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यात भरलेलं पहिलंच, नेहरू अध्यक्ष, गांधीजी आलेले. त्याच्या पुढच्याच वर्षी कुंकू आला. खान्देशातल्या बाया सभेला जायला, ऐकायला लागल्या होत्या तो हा काळ. माझी आजी नीराबद्दल म्हणायची, "हाई पोर कोनंच आयकस नही" (ही पोर कोणाचंच ऐकत नाही), आणि ते ती कौतुकाने म्हणायची.

तापीकाठ

भाऊ बाकी सगळं मान्य पण शेवटावर माझा आक्षेप आहे. काकासाहेब पश्चात्ताप करतात, तिला मुलीसारखी मानतात आणि स्वतः जीव देऊन तिला मोकळी करतात. म्हणजे सुटका पण म्हाताऱ्याच्याच हातून! नीराने स्वतः दार उघडून बाहेर पडायला पाहिजे होतं असं मला नेहमी वाटतं. म्हणून मला नीरापेक्षा शांता आपटे मोठी वाटते, कारण तिने प्रत्यक्ष आयुष्यात कोणाच्या पश्चात्तापाची वाट बघितली नाही. उपोषण केलं, प्रभात सोडली आणि १९४० मध्ये 'जाऊ मी सिनेमात?' नावाचं पुस्तक लिहून सिनेमाधंद्याबद्दल स्वतः लिहिलं. ताई, तुम्ही बोलताना हे पुस्तक विसरू नका. ज्या बाईबद्दल सगळे बोलत होते तिने स्वतः लेखणी हातात घेतली, हे फार कमी जणींनी केलं.

अमळनेरची_लेक

पुस्तकाचं तर पहिल्यांदाच ऐकतेय, खूप आभार. पण प्रभात सोडल्यावर काम मिळालं का तिला? आमच्याकडे एक काकू म्हणाल्या की भांडली म्हणून संपली.

रावेरकर

संपली कुठे ताई! उलट जास्त फिरली. १९४१ ला 'सावित्री' नावाचा तमिळ सिनेमा केला, त्यासाठी तमिळ शिकली. त्यात नारद कोणी केलाय माहितीय? एम. एस. सुब्बुलक्ष्मी! त्या सिनेमाचे पैसे 'कल्की' हे तमिळ नियतकालिक सुरू करायला लागले म्हणून त्यांनी पुरुषाची भूमिका घेतली होती. म्हणजे एकाच सिनेमात दोन भाषांतल्या दोन मोठ्या गाणाऱ्या बाया समोरासमोर. पुढच्या वर्षी लाहोरच्या पांचोलींचा 'जमीनदार' केला, गुलाम हैदरचं संगीत. १९४३ च्या 'दुहाई'त नूरजहाँबरोबर होती. १९४६ च्या 'सुभद्रा'त लताबाईंबरोबर गायली, तेव्हा लताबाईंना कोणी ओळखत नव्हतं. पुणे, लाहोर, मुंबई, वर तमिळ सिनेमा, एवढं एका कंपनीत पगारावर बसून झालं असतं का? हां, नंतर गाणाऱ्या आणि दिसणाऱ्या वेगळ्या झाल्या, प्लेबॅकचा जमाना आला, १९५० नंतरच्या दशकात कामं कमी होत गेली हे खरं. पण ते भांडल्यामुळे नाही, धंदाच बदलला. २४ फेब्रुवारी १९६४ ला मुंबईत गेल्या, पन्नाशी पण गाठली नव्हती. नयना आपटे, ज्यांना आपण नाटकात आणि टीव्हीवर बघतो, त्या त्यांच्या कन्या, हे सांगितलं की बायांना लगेच ओळख पटेल.

भुसावळ_जंक्शन

एक महत्त्वाचं ताई, कुंकूला पार्श्वसंगीत नाहीये. दिग्दर्शक व्ही. शांताराम, आपले शांतारामबापू, यांनी मुद्दाम ठेवलं नाही, गाण्यांत सुद्धा घरातले, रस्त्यावरचे खरे आवाजच वापरलेत. त्यामुळे घड्याळाची टिकटिक आणि घरातले बारीकसारीक आवाज ऐकू आले नाहीत तर अर्धा सिनेमा गेला. प्रोजेक्टरच्या आतल्या स्पीकरवर भागवू नका, बाहेरचा चांगला स्पीकर जोडा, आणि उकाडा असला तरी कूलर आवाज करणारा असेल तर तो बंद ठेवून नुसते पंखे चालवा. सिनेमाची सुरुवात पोरांच्या नाटकाने आहे, तेवढ्यात कोणी उठून जाऊ देऊ नका, नीराचं लग्न लागलं की मग कोणी हलत नाही.