चर्चा: मराठवाड्यातल्या लेकरानं सिंगल-सीटरमध्ये उतरायचं तर पैसा नेमका कुठं घालावा?

गोदाकाठचा

इंडियन एफ४ (फॉर्म्युला ४, एका सीटच्या रेसिंग गाड्यांची पहिली पायरी) सुरू झाल्यापासून एकच प्रश्न फिरतोय: पोरगं कार्टिंगमध्ये (लहान, उघड्या गाड्यांच्या शर्यतींत) बरं चालवतंय, प्लॉट विकून युरोपला पाठवावं का? माझं उत्तर: सोळाव्या वर्षाआधी युरोप नको, आणि स्वतःचं कार्ट, टेम्पो, अवजारं हा पसाराही नको. सगळा पैसा सरावाच्या दिवसांवर घाला.

आधी गणित बघा. फॉर्म्युला १ च्या सुपर लायसन्सला, म्हणजे तिथं गाडी चालवायच्या परवान्याला, वय १८ आणि तीन हंगामांत मिळून ४० गुण लागतात. एफ४ मालिका जिंकली तर १२ गुण. एफ२ मध्ये, म्हणजे फॉर्म्युला १ च्या लगेच खालच्या पायरीवर, पहिल्या तिघांत आलात तर एका दमात ४०. म्हणजे एफ४ चं विजेतेपद ही तालुक्याची परीक्षा झाली. त्यातही एफ२ जिंकून जागा मिळतेच असं नाही. २०२२ चा विजेता फेलिपे द्रुगोविच आणि २०२३ चा तेओ पुर्शेर, दोघांनाही फॉर्म्युला १ मध्ये कायमची सीट मिळाली नाही. आपल्यातला जेहान दारूवाला एफ२ मध्ये शर्यती जिंकून फॉर्म्युला ई (विजेवरच्या गाड्यांची मालिका) कडे गेला, अर्जुन मैनी डीटीएम या जर्मनीतल्या बंद छताच्या गाड्यांच्या मालिकेत. पगारी ड्रायव्हर होणं हे ध्येय धरा, फॉर्म्युला १ लॉटरीत टाका.

मग रस्ता असा: रोटॅक्स मॅक्स ज्युनियर या पोरांच्या कार्टिंग मालिकेचे दोन हंगाम टीमच्या भाड्याच्या कार्टवर, मग कोइम्बतूरला नोव्हिस कप (नवख्यांची मालिका) किंवा एलजीबी फॉर्म्युला ४ (साध्या देशी गाड्यांची मालिका, इंडियन एफ४ वेगळी), आणि मग इंडियन एफ४. इथून कोइम्बतूर, चेन्नई म्हणजे हजार-बाराशे किलोमीटर. तेवढं कार्ट वाहून नेण्यात जो पैसा जातो, त्यात सरावाचे कितीतरी दिवस बसतात.

टूस्ट्रोक वाळूज

गणित पटलं, स्वतःचं कार्ट नको हे नाही पटलं. आयतं कार्ट चालवणाऱ्या पोराला गाडी काय करतेय ते सांगताच येत नाही. "मागून घसरतंय" एवढंच म्हणतं. प्रवेशाला घसरतंय, मध्यात की गॅस देताना? घसरतंय की आतलं चाक आपटत उड्या मारतंय? दोन्हींचा इलाज उलटा आहे. ग्रिप (टायरची पकड) जास्त होऊन मागून उड्या मारत असेल तर मागचे हब (चाक बसतं तो भाग) बाहेर काढून दोन चाकांतलं अंतर वाढवायचं. ग्रिपच नसेल तर आत घ्यायचे. हे हातानं केलेल्या पोराच्या डोक्यात बसतं.

आता इंजिनचं बघा, कारण इथंच आपल्याकडची मंडळी फसतात. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटरवर, बंगळुरू ९०० च्या आसपास, चेन्नई जवळजवळ शून्यावर. मे महिन्यात आपल्याकडं ४० अंशांत हवा पातळ असते, चेन्नईला ३५ अंशांतही ती आठ-नऊ टक्के घट्ट. कार्ब्युरेटरचं मेन जेट (पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) इथल्या सरावाचं तेच ठेवून चेन्नईला गेलात तर हवा जास्त, पेट्रोल कमी, मिश्रण लीन. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमधूनच जातं, म्हणजे तेलही कमी. लांब सरळ रस्त्याच्या टोकाला गॅस सोडला की पिस्टन धरतो, म्हणजे जाम होतो.

इलाज सोपा आहे. ट्रॅकवर पोचल्यावर तापमान आणि हवेचा दाब लिहून ठेवा, एक-दोन पायऱ्या मोठ्या जेटनं सुरुवात करा, पूर्ण गॅसवरची फेरी मारून इंजिन तिथंच बंद करा आणि स्पार्क प्लग काढून बघा. चॉकलेटी रंग ठीक. पांढरा पडला तर अजून मोठं जेट, काळा ओला असेल तर लहान. पाण्याचं तापमान ५० ते ६० च्या दरम्यान राहिलं पाहिजे. रेडिएटरवर टेप लावायची थंडीतली सवय आपल्या उन्हाळ्यात अंगाशी येते.

आणि चेन. पुढचं-मागचं स्प्रॉकेट एका रेषेत आहे का हे पट्टी लावून बघायचं. तिरकं राहिलं की चेन तुटते, आणि बिल मात्र "नशीब खराब" या खात्यावर निघतं.

गोदाकाठचा

भाऊ, हे सगळं टीमच्या मेकॅनिकशेजारी उभं राहूनही शिकता येतं. करारात लिहून घ्या की पोरगं सेटअपच्या वेळी हजर राहील. त्यासाठी इंजिन विकत घ्यायला कशाला पाहिजे?

टूस्ट्रोक वाळूज

उभं राहणं वेगळं, पाना हातात असणं वेगळं. शर्यतीच्या दिवशी मेकॅनिक लेकराला शिकवत बसत नाही हो.

अ‍ॅपेक्स नांदेड

तुम्ही दोघं जेट आणि हबवर बोलायलात, पण खरा खड्डा पुढं आहे. इंडियन एफ४ मध्ये ग्रिडवर (शर्यत सुरू होतानाच्या रांगेत) डझनभराच्या आसपास गाड्या. इटालियन एफ४ मध्ये तीसच्या वर. तिथं क्वालिफायिंगमध्ये (रांगेतली जागा ठरवणाऱ्या फेऱ्यांत) सेकंदाचे दोन-तीन दशांश गेले की पंधरा जागा मागं. इथं तेवढ्यात एक-दोन जागा जातात. गर्दीत ओव्हरटेक कसा करायचा, टायर पहिल्या फेरीत कसा तापवायचा, हे रिकाम्या ट्रॅकवर शिकता येत नाही. आपल्याच मालिकेची पहिली दोन विजेतेपदं कोणी नेली बघा: ऑस्ट्रेलियाचा कूपर वेबस्टर आणि दक्षिण आफ्रिकेचा अकील अलीभाई.

वयाचंही बघा. इटलीच्या किमी अँटोनेलीनं २०२२ मध्ये इटालियन एफ४ जिंकली, २०२३ मध्ये फॉर्म्युला रीजनल (एफ४ आणि एफ३ मधली पायरी), २०२४ मध्ये एफ३ गाळून थेट एफ२ आणि २०२५ मध्ये फॉर्म्युला १ ला मर्सिडीज. एफ४ ला १५ व्या वर्षी बसता येतं. आपलं पोरगं सोळाव्या वर्षानंतर विचार करणार म्हणजे ट्रेन सुटल्यावर स्टेशनवर पोचणार. दोन हंगामांचे पैसे असतील तर पहिला इथं वाया घालवू नका.

गोदाकाठचा

अँटोनेलीच्या वडिलांची स्वतःची रेसिंग टीम आहे, आणि मर्सिडीजनं त्याला २०१९ मध्येच कार्टिंगमधून उचललं. त्याची तुलना परभणीच्या पोराशी करून काय साधणार? युरोपात एफ४ चा एक हंगाम काही लाख युरोंचा, एफ३ दहा लाखांच्या आसपास, एफ२ वीस लाखांच्या पुढं. पहिली पायरी परवडली म्हणून जिना परवडत नाही. २०११ मध्ये फोर्स इंडिया या तेव्हाच्या फॉर्म्युला १ टीमनं "वन फ्रॉम अ बिलियन" मधून जेहान, अर्जुन आणि तरुण रेड्डी अशी तीन पोरं निवडली, तेव्हा निदान कोणीतरी पाठीशी होतं.

लातूरची ताई

दादा लोकांनो, एका गोष्टीवर कोणीच बोललं नाही. लातूरमध्ये अकरावी-बारावीला अख्खं घर नीटच्या वेळापत्रकावर चालतं. देशातला रेसिंगचा हंगाम मुख्यतः पावसाळा ते डिसेंबर, म्हणजे दिवाळीआधीच्या टेस्ट सिरीज बुडणार. हे आधी शाळेत बोलून ठेवा. एफएमएससीआय (देशातल्या मोटरस्पोर्टची संस्था) च्या लायसन्सला डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते, ते पहिल्या फेरीच्या आठवड्यात पळापळ करण्यासारखं काम नाही.

आणि ट्रॅक लांब आहे तर घरी सिम्युलेटर का नको? फक्त पैसे उलटे घालू नका. महागडं स्टिअरिंग आणि सोबत फुकटातलं पेडल, असं लोक घेतात. लोड-सेलचा ब्रेक घ्या. तो पायाचा जोर मोजतो, पेडल किती खाली गेलं ते नाही. खऱ्या गाडीत पायाला जोरच लक्षात ठेवावा लागतो. पेडल आणि सीट एकाच लोखंडी फ्रेमला बोल्टनं घट्ट करा. चाकाच्या खुर्चीवर बसून लोड-सेल दाबला तर खुर्चीच मागं जाते. जोडीला मानेचा व्यायाम. एफ४ मध्ये वळणावर २ जी च्या वर ओढ येते, पॉवर स्टिअरिंगही नाही. शेवटच्या पाच फेऱ्यांत वेळ वाढायला लागला की बहुतेकदा टायरच्या आधी मान आणि हात थकलेले असतात.

टूस्ट्रोक वाळूज

ताई, सिम एफ४ साठी बरा, कार्टसाठी नाही. कार्टला डिफरन्शियल (वळताना दोन चाकं वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा भाग) नसतं, मागची दोन्ही चाकं एकाच अ‍ॅक्सलवर. वळताना आतलं मागचं चाक उचललं गेलं पाहिजे, नाहीतर गाडी सरळच ढकलते. ते उचलणं कॅस्टर (पुढच्या चाकांच्या वळण्याच्या खिळीचा कल), सीटची जागा आणि अंगाचं वजन यावर ठरतं, आणि ते बुडाखालीच कळतं.

वजनावरून आठवलं. ज्युनियर गटात कार्ट चालकासकट किमान १४५ किलो भरावं लागतं. आपली पोरं हडकुळी, म्हणून सीटला शिसं लावतात. ते सगळं एकाच बाजूला खाली लावलं की डाव्या-उजव्या वळणात गाडी वेगळी वागते. चारही चाकांखाली काटे ठेवून, पोरगं हेल्मेटसकट बसवून मापा.

अ‍ॅपेक्स नांदेड

हाच माझा मुद्दा की. रोटॅक्स ज्युनियरला ब्रेक फक्त मागं. पोरगं ब्रेकला टोला देऊन गाडी थोडी आडवी टाकायला शिकतं. एफ४ ला चारही चाकांना ब्रेक, एबीएस नाही, आणि विंगचा (हवेनं गाडी खाली दाबणाऱ्या पंखाचा) दाब. वेग जास्त तेव्हा दाब जास्त, म्हणून पहिला फटका सगळ्यात जोरात आणि वेग उतरेल तसा पाय हळूहळू वर. कार्टवाल्या पोराचा ब्रेकचा आलेख उलटा दिसतो: सुरुवात बिचकत, शेवटी जोरात, मग पुढचं चाक लॉक होऊन टायरला सपाट डाग. एकदा डाग पडला की सेट गेला. एलजीबीच्या गाडीला विंगच नाहीत, तिथं हे कसं शिकणार? मधली पायरी गाळा.

गोदाकाठचा

एलजीबीत विंग नाहीत म्हणूनच ती हवी. डाऊनफोर्स, म्हणजे विंगचा तो दाब, चूक झाकतो. कोइम्बतूरचा २.१ किलोमीटरचा कारी ट्रॅक, कमी ग्रिप, दुसऱ्याच्या मागं चिकटून स्लिपस्ट्रीम. मोठ्या ग्रिडची सवय देशात स्वस्तात तिथंच लागते. तुमचा गर्दीचा मुद्दा मी मानतो, उत्तर इटली नाही.

शेंद्र्याचा अकाउंटंट

कोणत्याही बाजूनं गेलात तरी टीमच्या करारातल्या चार ओळी वाचून घ्या. वाद तिथंच होतात. अपघाताचं नुकसान बहुतेक फीमध्ये धरलेलं नसतं. नोज, पुढची विंग, विशबोन (चाक धरणारे सस्पेन्शनचे दांडे), प्रत्येकाचा दर यादीत लिहून घ्या आणि मालिकेच्या एका फेरीत (एका शर्यतीच्या वीकेंडला) जास्तीत जास्त किती, ही मर्यादा मागा. दुसऱ्यानं ठोकलं तरी आपल्या गाडीचं बिल आपणच भरायचं का, हेही. टेस्टच्या दिवसाला नवीन टायरचे किती सेट, ते लिहा. नुसता "टेस्ट डे" म्हटलं की झिजलेल्या टायरवर दिवस जातो आणि आलेख वाचून काहीच कळत नाही. तिसरं, डेटा कोणाचा? हंगाम संपल्यावर लॉगरच्या (गाडीचा वेग, ब्रेक नोंदवणाऱ्या यंत्राच्या) फाइली पोराला मिळाल्या पाहिजेत, पुढच्या टीमला त्याच दाखवायच्या असतात. आणि प्रायोजक वाळूजचा असो की शेंद्र्याचा, पैसे फेरीनिहाय देणार असेल तर टीमचे हप्तेही फेरीनिहायच बांधा. टीम सगळे आगाऊ मागते, प्रायोजक दिवाळीनंतर देतो, आणि मधल्या तीन महिन्यांसाठी बाप सोनं गहाण ठेवतो.