प्राथमिक शाळेची वार्षिक उद्दिष्टे : अभ्यास आणि वातावरण या दोन्हींसाठी नेमके काय लिहावे?

प्रश्न : मुख्याध्यापिका, बीड जिल्हा

सर्वांना नमस्कार. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील एका जिल्हा परिषद प्राथमिक शाळेची मी मुख्याध्यापिका आहे. पहिली ते पाचवीचा पट 64 असून मला धरून आम्ही तीन शिक्षक आहोत. गावातील निम्म्याहून अधिक कुटुंबे ऊसतोडीला जातात. दसरा झाला की मुकादमांच्या गाड्या येऊ लागतात आणि दिवाळीनंतर वर्ग अर्धे रिकामे होतात. काही मुले हंगामी वसतिगृहाच्या आधाराने आजी-आजोबांजवळ राहतात, उरलेली आई-वडिलांबरोबर फडावर जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात.

शाळा विकास आराखड्यात आम्हाला या वर्षी दोन उद्दिष्टे लिहायची आहेत, एक अभ्यासाचे आणि एक शाळेच्या वातावरणाचे. गेल्या वर्षी आम्ही ‘सर्व विद्यार्थी शंभर टक्के प्रगत करणे’ आणि ‘आनंददायी वातावरण निर्माण करणे’ अशी दोन वाक्ये लिहिली, आराखडा सादर केला आणि ती फाइल वर्षभरात पुन्हा उघडली नाही. त्यांतील काय साधले हे वर्षाअखेरीस मला स्वतःलाच सांगता आले नाही, याची खंत अजून मनात आहे.

या जूनमध्ये आम्ही तिसरी ते पाचवीच्या 38 मुलांचे वाचन एकेकाला जवळ बसवून तपासले. 14 मुले परिच्छेद सलग वाचतात, 15 मुले शब्द व लहान वाक्यांपर्यंत आली आहेत आणि 9 मुले अजून अक्षरांवरच अडखळतात. यावरून उद्दिष्ट किती मोठे धरावे, स्थलांतर करणारी मुले त्यात धरावीत की नाहीत आणि वातावरणासारखी गोष्ट मोजावी कशी, याबद्दल अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन हवे आहे.

उत्तर 1 : निवृत्त केंद्रप्रमुख, परभणी

मॅडम, तुम्ही मुलांना एकेक करून तपासलेत, तेव्हा अर्धे काम झालेले आहे. माझा पहिला आग्रह असा की उद्दिष्टात टक्केवारी लिहू नका, मुले लिहा. ‘80 टक्के विद्यार्थी प्रगत’ हे वाक्य कोणत्या मुलाबद्दल आहे हे कोणालाच कळत नाही; परंतु ‘अक्षरांवर असलेली 9 मुले दिवाळीच्या सुट्टीपूर्वी साधे शब्द वाचतील आणि शब्दांवर असलेल्या 15 पैकी किमान 10 मुले परिच्छेद वाचतील’ असे लिहिले, की त्या 19 मुलांची नावे वर्गशिक्षकाच्या टाचणवहीच्या पहिल्या पानावर आपोआप येतात. केंद्रप्रमुख म्हणून शाळा पाहताना मी फाइलऐवजी तेच पान मागत असे.

मुदत दिवाळीची धरा, मार्चची नको. शासनाचे वर्ष मार्चअखेर संपत असले तरी तुमच्या गावातील मुलाचे शालेय वर्ष जूनच्या मध्यापासून दसऱ्यापर्यंतच असते. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला 200 दिवस आणि 800 तास अध्यापन अपेक्षिले आहे. फडावर जाणाऱ्या मुलाच्या वाट्याला त्याच्या निम्मे दिवसही येत नाहीत. म्हणून स्थलांतर करणारी मुले उद्दिष्टातून वगळायची तर नाहीतच, उलट पहिल्या चार महिन्यांतील सर्वांत जास्त वेळ त्यांनाच द्यायचा. ती वगळली तर आकडे सुंदर दिसतील आणि शाळा ज्यांच्यासाठी आहे तीच मुले कागदावरून नाहीशी होतील.

पायाभूत वाचन आणि अंकज्ञानासाठीच्या केंद्राच्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान 60 शब्द समजून वाचण्याची अपेक्षा आहे. तिच्यातील ‘समजून’ हा शब्द आपण विसरतो आणि घड्याळ तेवढे हातात घेतो. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात. ‘झाडाखालच्या’, ‘विहिरीपासूनचा’ असा एकेक शब्द मुलाला चार पायऱ्या चढायला लावतो. तेव्हा वेग जरूर नोंदवा, पण प्रत्येक वाचनानंतर दोन प्रश्न तोंडी विचारा आणि त्यांची उत्तरे आल्याखेरीज मूल पुढच्या स्तरावर गेले असे मानू नका. पडताळणी वर्गशिक्षकाने स्वतःच्या वर्गाची करू नये, तिघांनी वर्ग अदलाबदल करून करावी. यात अविश्वासाचा भाग नाही. ज्या मुलासाठी आपण राबलो त्याचे अडखळणे आपल्या कानाला ऐकूच येत नाही.

उत्तर 2 : सहशिक्षक, तांड्यावरील शाळा, नांदेड जिल्हा

केंद्रप्रमुख साहेबांचे वाचनाबद्दलचे म्हणणे मला पूर्ण पटते. वातावरणाबद्दल मात्र मला सविस्तर लिहावेसे वाटते, कारण आमच्या शाळेत वाचनाचा प्रश्न तिथूनच सुटायला लागला.

आमच्या मुलांची घरची बोली गोरमाटी, म्हणजे बंजारा समाजाची बोली. पहिलीत आलेले मूल घरी दिवसभर बोलते आणि शाळेच्या उंबऱ्यात गप्प होते. पहिली दोन वर्षे मी त्या गप्प बसण्याला शिस्त समजलो, ही माझी मोठी चूक होती. पुढे आम्ही शाळेचे एकच उद्दिष्ट ठरवले : पहिली-दुसरीतील प्रत्येक मुलाने आठवड्यातून एकदा तरी परिपाठात स्वतःच्या मनाने चार वाक्ये बोलावीत, ती गोरमाटीत असली तरी चालतील. कोण बोलले याची नोंद भिंतीवरच्या तक्त्यावर आम्ही शिक्षक करत असू. जुलैमध्ये बोलणारी पाच-सहा मुलेच होती. गणपतीच्या सुमारास दोन मुले सोडली तर सगळी बोलू लागली. बोलणारे मूल चूक करायला भीत नाही आणि चुकीला न भिणारे मूलच मोठ्याने वाचते. म्हणून अभ्यास आणि वातावरण अशी दोन वेगळी उद्दिष्टे न मानता वातावरणाला अभ्यासाचा पाया मानावे, असे माझे मत आहे.

मोजण्याचा प्रश्न तुम्ही विचारला आहे. ‘आनंददायी’ हा शब्द मोजता येत नाही. मोठ्यांची वागणूक मात्र मोजता येते. उशिरा आलेल्या मुलाला दाराबाहेर उभे केले का? कायद्याच्या कलम 17 नुसार शारीरिक शिक्षेला आणि मानसिक त्रासाला मनाई आहे, हे आपल्याला पाठ असते. पण ‘तुझ्या बापाने कधी शाळा पाहिली का’ यासारखे वाक्य मारापेक्षा खोल जाते आणि त्याची नोंद कुठेच होत नाही. आम्ही तिघा शिक्षकांनी असे ठरवले की कोणाच्या तोंडून असे काही गेले तर दुसऱ्याने त्याच दिवशी, मुलांसमोर नव्हे, शाळा सुटल्यावर सांगायचे. पहिल्या महिन्यात ते फार जड गेले. मलाच दोनदा ऐकून घ्यावे लागले आणि दोन्ही वेळा सहकाऱ्याचे बरोबर होते.

उत्तर 3 : पालक व शाळा व्यवस्थापन समिती सदस्य, जालना जिल्हा

नमस्कार मॅडम. मी आणि माझे पती सात हंगाम ऊसतोडीला गेलो आहोत, म्हणून त्या बाजूने लिहिते. परत आलेल्या मुलाला शाळेत कसे घेतले जाते, हे वातावरणाचे पहिले माप ठरवा. माझी मुलगी चौथीत असताना मार्चमध्ये परतली, तेव्हा तिची बसायची जागा दुसऱ्या मुलीला दिलेली होती आणि हजेरीत तिचे नाव हाक मारल्याशिवाय पुढे गेले. ती आठ दिवस शाळेत जायला तयार नव्हती. त्यात कोणाचा दुष्टावा नव्हता, पण मुलाला वाटायचे ते वाटलेच. मुले फडावर गेली तरी हजेरी घेताना त्यांचे नाव घ्यावे, वर्गातल्या एकेका मुलाकडे एकेका गेलेल्या मुलाची वही-पुस्तके सांभाळायला द्यावीत आणि परतल्या दिवशी त्या मुलानेच त्याला वर्गात आणावे. याला पैसा लागत नाही.

जाताना मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी कार्ड दिले जाते, तसेच मूल कोणत्या स्तरावर वाचते हे साध्या शब्दांत लिहून द्या आणि आईला तोंडी समजावून सांगा. बैलगाडीजवळ, कोपीत म्हणजे फडावरच्या तात्पुरत्या झोपडीत, रात्री चूल विझल्यावर अर्धा तास मिळतो. मोठ्या बहिणीकडून काय वाचून घ्यायचे हे माहीत असेल तर तो वाया जात नाही.

एक विनंतीही आहे. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात आणि समितीत निम्म्या महिला असतात, आणि कलम 22 नुसार आराखडा तयार करणे हे समितीचेच काम आहे. प्रत्यक्षात तयार कागदावर आमच्या सह्या घेतल्या जातात. बैठक दुपारी न ठेवता संध्याकाळी, बाया रानातून परतल्यावर ठेवा आणि 9 मुले अक्षरांवर आहेत हे लपवू नका. आम्हाला वाईट वाटेल, पण आमचीच मुले आहेत.

उत्तर 4 : गणित शिक्षक, लातूर

वाचनाबद्दल इतके उत्तम लिहिले गेल्यावर मी थोडक्यात लिहितो. गणिताचे एक तरी उद्दिष्ट घ्याच आणि ते 21 ते 99 या संख्यांचे असू द्या. आपण ‘तेवीस’ म्हणतो तेव्हा तीन आधी ऐकू येतात आणि वीस नंतर, म्हणून मूल 32 लिहिते. ‘एकोणसाठ’मध्ये तर साठ ऐकू येतात आणि लिहायचे असतात 59. बालभारतीने 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ ही पद्धत आणली तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला, पण अडचण खरी आहे हे वर्गात उभा राहणारा प्रत्येक जण जाणतो. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधून संख्या हाताने रचल्याखेरीज ती डोक्यात बसत नाही, आणि हातच्याची वजाबाकी पुढे त्याच जागी अडते. ज्यांचे दशक-एकक पक्के नाही अशा तिसरी-चौथीच्या मुलांची वेगळी यादी करा. ती वाचनाच्या यादीशी जुळेलच असे नाही. वाचनात मागे असलेली, पण बाजारात सुटे पैसे अचूक मोजणारी मुले मी पुष्कळ पाहिली आहेत.

मुख्याध्यापिका, बीड जिल्हा (पुन्हा)

सर्वांचे मनापासून आभार. जालन्याच्या ताईंचे वाचून मी हजेरीपट काढून पाहिला. गेल्या मार्चमध्ये परतलेल्या 11 मुलांपैकी 4 मुले पहिल्या आठवड्यात दोन दिवसांपेक्षा जास्त आलेली नाहीत, आणि त्या वेळी हे माझ्या लक्षातही आले नव्हते.

आम्ही तिघांनी काल बसून मसुदा असा केला आहे : दिवाळीपूर्वी अक्षरांवरची 9 मुले शब्दांवर आणि शब्दांवरची 10 मुले परिच्छेदावर येतील, फडावर जाणाऱ्या प्रत्येक मुलाची वही-पुस्तके सांभाळणारा सोबती दसऱ्यापूर्वी ठरलेला असेल, आणि परतलेले प्रत्येक मूल पहिल्या आठवड्यात किमान पाच दिवस शाळेत असेल. वर्गांची अदलाबदल करून पडताळणी महिन्याच्या शेवटच्या शनिवारी होईल. गणिताची यादी याच आठवड्यात करतो. ती हाती आल्याशिवाय आकडा लिहिणार नाही.

समितीची बैठक येत्या गुरुवारी संध्याकाळी सात वाजता मारुतीच्या पारावर ठेवली आहे. नांदेडच्या सरांना एक विचारायचे आहे : परिपाठात बोलायला अजिबात तयार नसलेल्या त्या दोन मुलांसाठी तुम्ही पुढे काय केलेत? आमच्या दुसरीत अशी एक मुलगी आहे.