फर्स्ट-पर्सन शूटर खेळांसाठी मॉनिटर किती इंची असावा?

खिडकीजवळचा :

नमस्कार. मी काउंटर-स्ट्राइक २ आणि व्हॅलोरंट हे दोन फर्स्ट-पर्सन शूटर, म्हणजे पात्राच्या डोळ्यांतून पाहत खेळायचे नेमबाजीचे खेळ नियमितपणे खेळतो. सध्या माझ्याकडे २४ इंची, १०८०पी रिझोल्यूशनचा (१९२० × १०८० पिक्सेल) आणि १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ चित्रे दाखवणारा) मॉनिटर आहे. टेबल अरुंद असल्यामुळे डोळ्यांपासून त्याचे अंतर साधारण ६० सेंटिमीटर राहते. आता नवा मॉनिटर घ्यायचा आहे आणि ३२ इंची घ्यावा असा विचार आहे, कारण दूरवरचा शत्रू मोठा दिसला की नेम धरणे सोपे होईल असे मला वाटते. परंतु व्यावसायिक स्पर्धांचे प्रक्षेपण पाहावे तर मंचावर सगळीकडे २४-२५ इंचीच मॉनिटर मांडलेले असतात. ज्या खेळाडूंना हवा तो मॉनिटर मिळू शकतो, ते मोठ्या स्क्रीनचा आग्रह का धरत नाहीत? घरातला ४३ इंची टीव्ही संगणकाला जोडून खेळणे कितपत योग्य ठरेल? आणि स्क्रीन बदलल्यावर माउसची सेन्सिटिव्हिटीही (माउस सरकवल्यावर दृश्य किती वळते ते प्रमाण) नव्याने ठरवावी लागते का?

कोनमापक :

आपल्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाचा आकडा २४ किंवा ३२ नसून ६० सेंटिमीटर हा आहे. डोळ्याला इंच कळत नाहीत. स्क्रीनने डोळ्यापाशी केलेला कोन कळतो. २४ इंची मॉनिटरची रुंदी सुमारे ५३ सेंटिमीटर असते आणि ६० सेंटिमीटरवरून ती साधारण ४८ अंशांचा कोन व्यापते. २७ इंची मॉनिटर त्याच अंतरावरून ५३ अंश, तर ३२ इंची मॉनिटर ६१ अंश व्यापतो. ४३ इंची टीव्ही दोन मीटरवरून पाहिला तर तो जेमतेम २७ अंशांत मावतो, म्हणजे आपल्या सध्याच्या मॉनिटरपेक्षाही लहान दिसतो.

आता शत्रू मोठा दिसण्याविषयी. व्हॅलोरंटमध्ये आडवे दृष्टिक्षेत्र, म्हणजे खेळातले जग डावीकडून उजवीकडे किती अंशांत दिसते ते, १०३ अंशांवर कायम ठेवलेले आहे. १०८०पी रिझोल्यूशनवर त्याचे गणित केले, तर ३० मीटरवर उभ्या असलेल्या, २० सेंटिमीटर रुंदीच्या डोक्याच्या वाट्याला सुमारे ५ पिक्सेल येतात. मॉनिटर २४ इंची असो वा ३२ इंची, हे पिक्सेल पाचच राहतात. २४ इंचीवर त्यांची रुंदी १.४ मिलिमीटर भरेल आणि ३२ इंचीवर १.९ मिलिमीटर, एवढाच फरक. चित्र ताणले जाते, त्यात नवा तपशील येत नाही. त्यामुळे १०८०पी रिझोल्यूशनचा ३२ इंची मॉनिटर मी कोणालाही सुचवणार नाही. १४४०पी (२५६० × १४४० पिक्सेल) घेतल्यास तेच डोके जवळजवळ ७ पिक्सेलचे होते आणि हा लाभ मात्र खरा असतो.

नेम धरण्याचा विचार केला तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. एखाद्या लक्ष्यापर्यंत पोहोचणे किती अवघड आहे, हे लक्ष्याचे अंतर आणि त्याची रुंदी यांच्या गुणोत्तरावर ठरते, असे मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये दाखवून दिले. स्क्रीन मोठी झाली की डोके जितके रुंद होते तितकेच क्रॉसहेअरपासून (स्क्रीनच्या मध्यावरील नेमाच्या खुणेपासून) त्याचे अंतरही वाढते, त्यामुळे गुणोत्तर आहे तेच राहते. म्हणूनच हाताचे काम मोठ्या स्क्रीनने सोपे होत नाही. लहानसा शत्रू डोळ्यांना आधी जाणवतो, एवढाच तिचा उपयोग आहे.

याची किंमतही डोळ्यांनाच मोजावी लागते. आपल्याला अगदी स्पष्ट दिसते ते नजरेच्या मध्यावरचे सुमारे दोन अंशांचे क्षेत्र. बाकीचे सारे अंधूक असते आणि तिथे आपल्याला प्रामुख्याने हालचाल जाणवते. कोपऱ्यातील मिनीमॅप (छोटा नकाशा), खाली लिहिलेल्या उरलेल्या गोळ्या आणि वर दाखवलेला वेळ हे सर्व पाहण्यासाठी नजर क्रॉसहेअरवरून उचलून तिथवर न्यावी लागते. ६१ अंशांच्या स्क्रीनवर हा प्रवास लांबतो आणि पुष्कळदा मानही वळवावी लागते. ज्या खेळात निकाल क्षणार्धात लागतो, तिथे हे परवडत नाही. स्पर्धांमध्ये लहान मॉनिटर दिसण्यामागचे हे कारण मला सर्वांत सबळ वाटते.

रात्रपाळी :

कोनमापक यांच्या मांडणीशी मी सहमत आहे, परंतु स्पर्धांमधील मॉनिटरमागे केवळ डोळ्यांचे कारण नाही असे माझे मत आहे. सर्वाधिक रिफ्रेश रेट (सेकंदाला किती वेळा चित्र बदलते, हर्ट्झमध्ये) दीर्घकाळ प्रथम २४ ते २५ इंची मॉनिटरमध्येच उपलब्ध होत आले आहेत. ६० हर्ट्झवर एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकते, १४४ हर्ट्झवर ६.९ आणि २४० हर्ट्झवर ४.२. चपळ खेळात हा फरक इंचांपेक्षा कितीतरी अधिक मोलाचा असतो. शिवाय सर्व सामन्यांत सारखेच साहित्य मिळाले पाहिजे, अशी खेळाडूंची रास्त अपेक्षा असते आणि ज्या मापावर सराव केला त्याच मापावर सामना खेळावा असे प्रत्येकाला वाटते. काही २७ इंची मॉनिटरमध्ये चित्र २४.५ इंचांच्या चौकटीत दाखवण्याची सोय दिलेली असते, त्यामागेही हीच गरज आहे.

ग्राफिक्स कार्डावरील भार इंचांमुळे वाढत नाही, रिझोल्यूशनमुळे वाढतो, हे खरेदीपूर्वी ध्यानात ठेवावे. १०८०पीमध्ये सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४०पीमध्ये ३६.९ लाख आणि ४केमध्ये ८२.९ लाख. आपले कार्ड १०८०पीवर कसेबसे १४४ फ्रेम देत असेल, तर १४४०पीचा मॉनिटर घेऊन आपण तपशील मिळवाल आणि वेग गमवाल.

टीव्हीबद्दल म्हणाल, तर त्यातील गेम मोड सुरू केल्याशिवाय तो जोडूच नये, कारण चित्र सुधारण्याच्या प्रक्रियांमुळे माउस हलवणे आणि चित्र हलणे यांत जाणवण्याइतका विलंब पडतो. गेम मोडमध्येही ६० हर्ट्झचा टीव्ही आपल्या सध्याच्या मॉनिटरपुढे मागेच पडेल.

गादीवरचा गेमर :

येथे सर्व चर्चा स्पर्धात्मक खेळांपुरती चालली आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी ३४ इंची रुंद मॉनिटरवर प्रामुख्याने कथाप्रधान शूटर खेळतो आणि तिथे मोठ्या स्क्रीनला पर्याय नाही असे माझे ठाम मत आहे. १०३ अंशांचे दृश्य २४ इंची मॉनिटरवर खऱ्या प्रमाणात दिसावे असे वाटत असेल, तर डोळे स्क्रीनपासून अवघ्या २१ सेंटिमीटरवर आणावे लागतील. तसे कोणी बसत नाही, म्हणून टेबलावर दिसणारे जग नेहमीच आक्रसलेले असते. स्क्रीन मोठी होत जाते तसे इमारती, दालने आणि समोरची माणसे आपल्या मापाला येऊ लागतात आणि त्या जागी असल्याची भावना बळावते. कन्सोलवरील खेळांत दृष्टिक्षेत्र दीर्घकाळ अरुंद ठेवले जात असे, त्याचे एक कारण म्हणजे खेळणारा दूर सोफ्यावर बसलेला असतो. त्याच्या दृष्टीने टीव्ही लहान असतो आणि रुंद दृश्यातील माणसे त्याला मुंगीएवढी दिसली असती. कॉल ऑफ ड्यूटीच्या २०२० मधील ब्लॅक ऑप्स कोल्ड वॉर या भागात दृष्टिक्षेत्र कमीजास्त करण्याची सोय कन्सोलवरही मिळाली, ती मला फार महत्त्वाची वाटते. (१९९७ मध्ये निन्टेन्डो ६४ वरील गोल्डनआयमध्ये चार जण एकाच टीव्हीचे चार भाग करून खेळत असत आणि प्रत्येकाला जेमतेम पाव स्क्रीन मिळे, तरीही तो खेळ लोकांनी डोक्यावर घेतला.)

रुंद मॉनिटर घेणाऱ्यांसाठी एक सूचना आहे. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये २१:९ आकारावर (रुंदी-उंचीच्या प्रमाणावर; नेहमीचे १६:९) दोन्ही बाजूंचे अधिक दृश्य दिसते आणि आडवे क्षेत्र १०६ अंशांवरून १२० अंशांच्या पुढे जाते. व्हॅलोरंट मात्र हा लाभ देत नाही. तिथे दोन्ही कडांना काळे पट्टे येतात.

बोटांवर भिस्त :

मोबाइलवर खेळणाऱ्यांसाठी आकाराचा प्रश्न आणखी वेगळा आहे. कॉल ऑफ ड्यूटी मोबाइल खेळताना दोन्ही अंगठे स्क्रीनवरच असतात आणि त्यांच्याखालचे दृश्य झाकले जाते. टॅब्लेटवर त्याच अंगठ्यांनी झाकलेला भाग प्रमाणाने कमी असतो, बटणे दूर दूर मांडता येतात आणि तर्जनीही वापरता येते. डोळ्यांपेक्षा बोटांना मिळणारी ही मोकळीक मला निर्णायक वाटते. मात्र जड टॅब्लेट हातात धरून दीर्घकाळ खेळणे मनगटांना त्रासदायक होते.

खिडकीजवळचा :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. टीव्हीचा विचार मी सोडून दिला आहे. आता निवड २७ इंची आणि ३२ इंची यांत आहे आणि दोन्ही १४४०पीच पाहतो आहे. सेन्सिटिव्हिटीचा प्रश्न तेवढा राहिला.

कोनमापक :

सेन्सिटिव्हिटी बदलू नये. माउस अमुक सेंटिमीटर सरकवल्यावर खेळातील पात्र किती अंश वळते, हे स्क्रीनच्या मापावर अवलंबून नसते. मात्र ३२ इंची मॉनिटरवर हेच वळण २४ इंचीपेक्षा एक तृतीयांश अधिक लांबीवर पसरलेले दिसते, त्यामुळे प्रारंभी माउस अवखळ झाल्यासारखा वाटतो. घाईघाईने आकडा कमी केल्यास हाताने कमावलेला अंदाज वाया जातो, म्हणून काही दिवस तसेच खेळावे.

निवड करण्यापूर्वी एक चाचणी घरीच करता येईल. आपला २४ इंची मॉनिटर डोळ्यांपासून ४५ सेंटिमीटरवर आणला, की तो ६० सेंटिमीटरवरील ३२ इंची मॉनिटरएवढाच कोन व्यापतो. २७ इंचीचा अनुभव हवा असल्यास हे अंतर ५३ सेंटिमीटर ठेवावे. त्या अंतरावरून काही सामने खेळावेत आणि आपण मिनीमॅपकडे पूर्वीइतक्याच वेळा पाहतो का, मान वळते का, डोळे शिणतात का, याकडे लक्ष द्यावे. पिक्सेल ठळक दिसतील आणि जवळच्या अंतरामुळे डोळ्यांवर थोडा अधिक ताण येईल, तेवढी सूट निष्कर्ष काढताना द्यावी. माझे मत विचाराल, तर ६० सेंटिमीटरच्या टेबलावर या दोन खेळांसाठी २७ इंचांच्या पुढे जाऊ नये. आणि ३२ इंचीच घ्यायचा झाल्यास मॉनिटर भिंतीवर टांगून अंतर ८० सेंटिमीटरपर्यंत न्यावे, म्हणजे कोन पुन्हा ४८ अंशांवर येईल.