तान्ह्या बाळासाठी बाई: कामाला बायका पुरवणाऱ्या ब्युरोकडून की ओळखीतून?

कोथरूडची आई: काल इथे कोणी लिहिलं, "ब्युरोला महिन्याचा पगार कमिशन देणारे आळशी. वॉचमनला विचारा, बाई मिळते." वाचून झोप लागली नाही. माझी २६ आठवड्यांची रजा संपली तेव्हा वॉचमननेच बाई आणली होती. नवव्या दिवशी गावी गेली, फोन बंद. मी बिनपगारी रजा टाकली. मग ब्युरोला १८ हजार मोजले. पुढे त्यांनी पाठवलेल्या ताईंना टायफॉइड झाला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी बदली बाई दारात. पैसे त्या बदलीचे असतात.

सातारकर: ते मीच लिहिलंय आणि मागे घेणार नाही. आमच्या करारात तीन बदल्या होत्या. तिसऱ्या वेळी ब्युरोचा फोनच कोणी उचलेना. पोलीस पडताळणी म्हणून हातात काय, तर आधारची झेरॉक्स!

डोंबिवलीची आजी: एवढंसं लेकरू परक्या हाती द्यायचंच कशाला? मी सांभाळतेय नातवाला.

कोथरूडची आई: माझ्या सासूबाईंचे दोन्ही गुडघे बदललेत, आई शाळेत शिकवते. कोणाला बोलावू?

सातारकर: आजी, माझ्या आईने दोन नातवंडं वाढवली आणि कंबर घालवली. तिला जमेल का, हे आम्ही कोणी विचारलंसुद्धा नाही.

डोंबिवलीची आजी: तुमच्या आईचं माझ्यावर लादू नका. मी हौसेने करते. रविवारीसुद्धा सुटका नसते, एवढं मात्र खरं.

कोथरूडची आई: मग आम्ही बाई ठेवली तर चुकलं कुठे?

डोंबिवलीची आजी: चुकलं म्हटलं नाही मी. पण कंपनीत ५० किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघर द्यायचा कायदा २०१७ पासून आहे ना? साहेबांशी का भांडत नाही?

घरकामगारांची कार्यकर्ती: एवढ्या चर्चेत बाईचं कोणी काढलं नाही. आमच्या वस्तीत बऱ्याच जणींच्या पहिल्या पगारातून ब्युरो कापून घेतो. दोन्हीकडून कमाई. राज्याचा घरकामगारांसाठीचा २००८ चा कायदा कल्याण मंडळाचा, पगार आणि साप्ताहिक सुट्टी त्यात ठरत नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला घरकामगारांच्या कायद्याचा विचार करायला सांगितलं. तोवर कागदावर सुट्टी लिहून देणं तुमच्याच हातात आहे.

कोथरूडची आई: आत्ता ताईंना विचारलं. नऊ हजार कापले होते. वर्षभर माझ्या घरात आहेत आणि मला पत्ता नाही.

सातारकर: तेच तर सांगत होतो, ओळखीतूनच बघा.

घरकामगारांची कार्यकर्ती: दादा, वॉचमनही बाईकडून पैसे घेतो. खाली जाऊन विचारा.