‘वंशावळ’ या शब्दाला पर्याय हवा आहे

समाजशास्त्रज्ञ ॲन-मारी फोर्टिए यांच्या लैंगिकता, स्थलांतर आणि वंश या विषयांवरील लेखनावर मी मराठीत टिपण लिहीत आहे. लंडनमधील इटालियन स्थलांतरितांवरील त्यांचे पुस्तक २००० साली प्रसिद्ध झाले. लंडनच्या क्लार्कनवेल भागातील सेंट पीटर्स हे इटालियन चर्च त्यात केंद्रस्थानी आहे. क्वीअर (लैंगिकतेच्या रूढ चौकटीत न बसणाऱ्या) व्यक्तीने जन्मघर सोडले म्हणजेच तिला खरे घर सापडते, या रूढ कथनाची त्यांनी २००१च्या लेखात चिकित्सा केली, आणि मला तो भाग अधिक मोलाचा वाटतो. अडचण त्यांच्या लेखनातील ‘जीनिऑलॉजी’ (genealogy) या शब्दाची आहे. ‘वंशावळ’ म्हटले की त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, म्हणजे बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू, असेच चित्र उभे राहते. रक्तापलीकडचे, निवडलेले नाते त्यात मावत नाही. ‘कुळकथा’ चालेल का, की आपल्यापैकी कोणी अध्यापनात दुसरा शब्द वापरला आहे? कृपया वाक्यातील उपयोगासह कळवावे.