कंपनीच्या पैशातून संशोधन, पेटंट संयुक्त: सही करावी का?

प्रश्न (बडोदा): नंदेसरीच्या कंपनीसाठी आमच्या प्रयोगशाळेत उत्प्रेरकाचं काम सुरू होतंय. मसुद्यात 'पेटंट संयुक्त मालकीचं' एवढंच आहे. एका विद्यार्थ्याची पीएचडीही यावरच.

उत्तर १: सर, एवढ्यावर सही नको. पेटंट कायद्याचं कलम 50 बघा. वेगळं ठरलेलं नसेल तर प्रत्येक मालक शोध स्वतः वापरू शकतो, दुसऱ्याला हिशेब न देता. परवाना द्यायला मात्र सगळ्यांची संमती लागते. कारखाना कंपनीचा, म्हणजे कमाईही तिचीच, आणि तुम्ही दुसरीकडे परवाना देऊ शकत नाही. रॉयल्टीचा दर, ती कोणत्या विक्रीवर, किती मुदतीत उत्पादन सुरू झालं नाही तर हक्क परत, हे सगळं करारातच घाला. तुमचं आधीचं काम परिशिष्टात वेगळं नोंदवा, नाहीतर तेही संयुक्त मालकीत ओढलं जातं.

उत्तर २: विद्यार्थी नोकर नसतो. त्याच्याकडून हक्काचं लेखी हस्तांतरण कामाआधीच घ्या. प्रबंध, पोस्टर काहीही बाहेर जाण्याआधी प्रोव्हिजनल (तात्पुरता, प्राथमिक) पेटंट अर्ज करा (गुजरातसाठी मुंबई कार्यालय), मग 12 महिन्यांत पूर्ण तपशील. 'कंपनीच्या संमतीशिवाय प्रकाशन नाही' हे वाक्य खोडून 'कंपनीने 30 दिवसांत हरकत घ्यावी, नाहीतर प्रकाशनाला मोकळीक' करा.

उत्तर ३: पेटंट अर्जाच्या फीचंही बघा. 2021 पासून शैक्षणिक संस्थांना 80 टक्के सवलत आहे, पण अर्ज मोठ्या कंपनीच्या नावे गेला की फरक भरावा लागतो. तो कंपनीने भरायचा, असं लिहून घ्या.